एडिटिंगसाठी ग्राफिक कार्ड घेताय? आधी कॅमेऱ्याची फाइल उघडून बघा

कुठलं कार्ड घेऊ असं विचारलं की लोक गेमिंगचे एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) दाखवायला लागतात, पण एडिटिंगवाल्याला त्याचा फारसा उपयोग नाही. व्हिडिओ डिकोड (दाबून साठवलेली फाइल उलगडणं) आणि एन्कोड (परत दाबून फाइल बनवणं) करायला कार्डात वेगळाच भाग असतो, एनव्हिडियाकडे त्याला एनव्हीडेक आणि एनव्हेंक म्हणतात, इंटेलकडे क्विक सिंक, आणि महागडं कार्ड घेतलं म्हणजे हा भाग भारी असेलच असं नाही.

म्हणून दुकानात जायच्या आधी मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, आपल्या कॅमेऱ्याची एक क्लिप त्यात ओढा आणि फॉरमॅट (व्हिडिओ दाबायची पद्धत, जसं एच.२६४ किंवा एच.२६५), बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बारीक), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगांची माहिती किती ठेवलीय, ४:२:२ मध्ये ४:२:० पेक्षा जास्त) या तीन ओळी वाचा. मोबाइलची साधी क्लिप बहुतेक ४:२:० निघेल, तेवढंच काम असेल तर निवांत राहा, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३० सिरीजचं कार्डही पुरतं. पण लग्नाचं शूट सोनी ए७ फोरवर १० बिट ४:२:२ मध्ये करत असाल तर इथेच गाडी अडते. आरटीएक्स ४०९० सारखं दांडगं कार्डसुद्धा एच.२६५ चं ४:२:२ डिकोड करत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि हळदीचं तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम टाइमलाइनवर टाकलं की प्लेबॅक अडखळायला लागतं. एनव्हिडियाने ही सोय २०२५ मध्ये आरटीएक्स ५० सिरीजला दिली, एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हीसाठी. गंमत म्हणजे इंटेलच्या ११व्या जनरेशनपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक्स एच.२६५ चं ४:२:२ आधीपासून उघडतंय! त्यामुळे चार पैसे वाचतात म्हणून १२४०० एफ सारखा एफवाला प्रोसेसर घेऊ नका, त्यात इनबिल्ट ग्राफिक्सच नसतं. आणि ज्यांच्याकडे बिनएफचा आहे त्यांनी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडायची सेटिंग) जाऊन ते इनबिल्ट ग्राफिक्स चालू आहे का बघा, कदाचित नवीन कार्ड घ्यायची गरजच पडणार नाही.

स्वस्तात घेणाऱ्यांनी इथे जपून. एएमडीची रेडिऑन आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी, दोन्ही २०२२ ची, पण त्यात हार्डवेअर एन्कोडर अजिबात नाही. जीटी १०३० मध्ये एनव्हेंक नाही. जीटीएक्स १६५० मध्ये आहे पण आधीच्या पिढीचं, १६५० सुपरमध्ये मात्र पुढच्या पिढीचं, नावात एका शब्दाचा फरक. सेकंड हँड मार्केटात हीच कार्डं एडिटिंगला बेस्ट म्हणून खपवतात, म्हणून पूर्ण मॉडेल नंबर विचारा.

एक्सपोर्टचं म्हणाल तर एव्ही१ (एच.२६५ नंतरचा नवा फॉरमॅट) एन्कोड हवं असेल तर आरटीएक्स ४० सिरीजपासून पुढे, रेडिऑन ७००० सिरीज किंवा इंटेल आर्क. नुसतं एन्कोडिंगसाठी आर्क ए३८० हे छोटं कार्ड मला मनापासून आवडतं, त्यातही एव्ही१ आहे. रोज तासनतास एक्सपोर्ट चालत असेल तर आरटीएक्स ५०७० टीआय बघा, त्यात दोन एनव्हेंक आहेत, ५०७० मध्ये एकच. क्वालिटीबाबत एक सांगतो, तेवढ्याच बिटरेटला (सेकंदाला किती डेटा) प्रोसेसरवर स्लो प्रीसेटने, म्हणजे सावकाश सेटिंगवर केलेलं एक्स२६४ (एच.२६४ बनवणारं सॉफ्टवेअर) अजूनही सहसा सरस दिसतं, कार्डाने करताना बिटरेट थोडा वाढवून द्या, मंडपातल्या लाइटिंगच्या माळा चौकोनी ठिपक्यांत फुटणार नाहीत.

व्हीरॅमवर, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर काटकसर नको. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन्हीत मिळतं, घ्यायचं तर १६ च घ्या, डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ४के क्लिपवर नॉइज रिडक्शन लावलं की ८ जीबी भरायला वेळ लागत नाही. लग्नवाल्यांसाठी माझी पसंती हेच कार्ड. आणि रिझॉल्व्ह वापरणार असाल तर एच.२६४, एच.२६५ चं पूर्ण हार्डवेअर ॲक्सिलरेशन स्टुडिओ व्हर्जनमध्येच मिळतं, एकदाच पैसे भरायचे असतात, ते बजेटात आधीच धरा.

कार्ड बसवल्यावर क्लिप चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा आणि व्हिडिओ डिकोडचा ग्राफ बघा. तो शून्यावर पडून आहे आणि प्रोसेसर शंभरला टेकलाय असं दिसलं तर कार्डाला दोष द्यायच्या आधी सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये हार्डवेअर डिकोडिंगची टिक आहे का ते तपासा, प्रीमियरमध्ये ती मीडियाच्या टॅबमध्ये सापडेल, टिक करून सॉफ्टवेअर बंद करून परत चालू करा.