स्टीपलचेसच्या (अडथळ्यांवरून उड्या मारायच्या रेसच्या) घोड्याची उडी पारखताना या चुका टाळा

महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर आपण बघतो त्या सगळ्या फ्लॅट रेस, मध्ये अडथळा काहीच नाही, त्यामुळे ब्रिटन-आयर्लंडच्या जंप रेस बघायला लागलं तरी आपली नजर आधी स्पीडवरच जाते. मग घोडा पडला की "हा भरवशाचा नाही" आणि नाही पडला की "पक्का जंपर", असा झटपट निकाल लावून मोकळे. हे फार चुकीचं आहे आणि घोड्यावर अन्याय करणारं पण आहे. पडणं-न पडणं हा शेवटचा रिझल्ट झाला, उडी कशी आहे ते त्याच्या आधीच्या तीन-चार ढांगांत कळतं.

पहिली चूक म्हणजे फॉर्ममधली, म्हणजे घोड्याच्या आधीच्या रेसच्या नोंदीतली अक्षरं एकाच पोत्यात घालणं. एफ म्हणजे घोडा स्वतः पडला, यू म्हणजे जॉकी खाली आला, बी म्हणजे दुसऱ्या पडलेल्या घोड्यामुळे हा आडवा झाला, एस म्हणजे घसरला, आर म्हणजे उडीच मारायला नकार, पी म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला. आता बी मध्ये घोड्याचा काय दोष? 1967 ची ग्रँड नॅशनल, ब्रिटनची नावाजलेली जंप रेस, आठवा, 23 व्या फेन्सला (फेन्स म्हणजे उडी मारायचा घट्ट बांधलेला अडथळा) एक बिनजॉकीचा घोडा आडवा पळाला आणि जवळजवळ अख्खी रेस तिथे अडकून पडली, आणि बराच मागे असलेला 100 ला 1 भावाचा फॉइनव्हॉन वाट काढून पुढे गेला आणि जिंकला. त्या दिवशी अडकलेल्या घोड्यांना खराब जंपर म्हणणार का? ती फेन्स आज फॉइनव्हॉनच्याच नावाने ओळखतात आणि ती एन्ट्री (Aintree) या ग्रँड नॅशनलच्या रेसकोर्सवरच्या मोठ्या फेन्सेसपैकी नाहीच, 4 फूट 6 इंच, त्या कोर्सवरची सगळ्यात छोट्यांपैकी एक. यू पण नीट बघा. घोड्याने जोरात आपटून जॉकीला उडवला असेल तर ती चूकच, पण उडी बऱ्यापैकी होऊन लँडिंगला जरा पाय मुडपला आणि जॉकीचा तोल गेला तर ती गोष्ट वेगळी. व्हिडिओ न बघता अक्षरावरून मत बनवू नका.

दुसरी चूक, लांबून मारलेल्या उडीला भुलणं. टीव्हीवर ती दिसायला जबरदस्त दिसते, घोडा एक अख्खी ढांग आधीच उचलतो आणि हवेत तरंगत पलीकडे जातो, लोक वा वा करतात. जमली तर घोड्याच्या दोन लांबी फुकटात मिळतात पण रोज तीच उडी मारणाऱ्याचा भरवसा मी तरी धरणार नाही, कारण दमल्यावर ती जमत नाही. अ‍ॅनी पॉवर, 2015, चेल्टनहॅमची मेअर्स हर्डल (हर्डल म्हणजे फेन्सपेक्षा छोटा, हलका अडथळा, आणि त्यांच्या रेसलाही हर्डलच म्हणतात), सगळ्यांच्या पुढे, शेवटचं एक हर्डल राहिलेलं, फार लांबून उचलली आणि पडली. पुढच्याच वर्षी ती चॅम्पियन हर्डल जिंकली, म्हणजे घोडी चांगलीच होती, चुकला तो टेक-ऑफचा अंदाज. खरा जंपर ओळखायचा तो अंतर जमत नसताना. फेन्स जवळ येतेय, ढांग बसत नाहीये, अशा वेळी तो शेवटच्या दोन ढांगा आखडून घेतो, मागच्या पायांवर बसतो आणि जवळून टुणकन उडी मारून निघतो. त्यात अर्धी लांबी जाते, दिसायला काही खास नाही, पण असाच घोडा ग्रँड नॅशनलच्या 30 फेन्सेस पार करतो. रेड रम घ्या, पाच ग्रँड नॅशनल धावला, 1973, 1974 आणि 1977 ला जिंकला, मधल्या दोन वर्षी दुसरा आला आणि एकदाही पडला नाही. त्याच रेसमधल्या बीचर्स ब्रुक या फेन्सला लँडिंगची बाजू टेक-ऑफपेक्षा खाली आहे, तिथे तर हवेत असताना स्वतःला सावरता आलं पाहिजे, नुसत्या ताकदीने भागत नाही.

हर्डलवर चांगला म्हणजे फेन्सवर पण चांगला असं धरून चालणं ही तर फारच कॉमन चूक आहे. हर्डल कमीत कमी 3 फूट 6 इंच, लागलं तर मागे कलतं, त्यामुळे घोडा सपाट, वेगात, पाय जरासे घासून पण निघून जातो. फेन्स कमीत कमी 4 फूट 6 इंच आणि घट्ट बांधलेली, तिथे तीच सवय महागात पडते. बिग बक्सचं बघा, 2008 च्या हेनेसी या मोठ्या फेन्सवरच्या रेसमध्ये शेवटच्या फेन्सला चूक झाली, जॉकी खाली आला, त्यानंतर ट्रेनरने त्याला परत हर्डल्सवर नेला आणि तो ओळीने 18 रेस जिंकला. घोडा तोच हो, फक्त त्याचं काम बदललं. मला हा निर्णय फार आवडतो कारण त्यात हट्ट नव्हता.

आता उजवं-डावं. बरेच घोडे उडी मारताना एका बाजूला सरकतात. डेझर्ट ऑर्किड उजवीकडे सरकायचा, उजव्या वळणाच्या केम्प्टनला किंग जॉर्ज ही मोठी रेस चार वेळा जिंकला, तर डाव्या वळणाच्या चेल्टनहॅमला त्याला झगडावं लागायचं. 1989 ला चिखलात तिथलाच गोल्ड कप जिंकला तो म्हणून तर लोकांच्या एवढा लक्षात आहे. प्रत्येक फेन्सला दोन-तीन यार्ड बाहेर गेला तर रेसभरात किती जातात तुम्हीच बघा. फॉर्म वाचताना कोर्सचं वळण बघा. आणि सँडाउनला रेल्वे फेन्सेस म्हणून तीन फेन्सेस एकामागोमाग येतात, पहिली चुकली की ढांग बिघडते आणि पुढच्या दोन्ही बिघडतात, तिथल्या गडबडीवरून घोड्याला कायमचं नापास करू नका.

एका पडण्यावरून करिअर संपलं असं समजणं पण टाळा. कॉटो स्टार शेवटच्या फेन्सला आपटायचा म्हणून किती ओरडा झाला, 2007 चा गोल्ड कप तो शेवटची फेन्स आपटूनच जिंकला, 2010 च्या गोल्ड कपला शेवटून चौथ्या फेन्सला जोरात पडला, आणि 2011 ला 11 वर्षांचा असताना पाचव्यांदा किंग जॉर्ज जिंकला.

बरं, चांगला उडणारा घोडा अचानक चुकायला लागला तर काय बघायचं? "डरपोक झाला" हे सगळ्यात शेवटी. आधी पाठ. पाठ दुखत असेल तर घोडा हवेत गोल होत नाही, सपाट उडतो, मागचे पाय ओढले जातात. मग पुढचे पाय, लँडिंगला दुखतं म्हणून तो उडी टाळायला बघतो किंवा एका बाजूला झुकतो. मग श्वास. भरधाव पळताना घोडा एका ढांगेला एक श्वास घेतो, घशात अडचण असेल तर शेवटच्या अर्ध्या मैलात हवा पुरत नाही आणि उड्या तिथेच ढासळतात, सुरुवातीच्या मात्र व्यवस्थित असतात. हा पॅटर्न दिसला तर धैर्याचा प्रश्न नाही, दमाचा आहे. घशाचं ऑपरेशन झालं असेल तर ब्रिटनमध्ये 2018 पासून त्यानंतरच्या पहिल्या रेसला रेसकार्डवर तसं लिहिलेलं असतं, ते बघायला विसरू नका.

दिसणं हा पण मुद्दा आहे. घोड्याला नारिंगी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही, एक्सेटर युनिव्हर्सिटीच्या अभ्यासातून हे पुढे आल्यावर ब्रिटनमध्ये फेन्स आणि हर्डल्सवरचा नारिंगी रंग बदलून पांढरा करण्यात आला. हिवाळ्यात सूर्य खाली असताना तर काही फेन्सेस रेसमधून वगळतात पण. म्हणजे जुन्या व्हिडिओत एखादा घोडा उन्हाच्या दिशेने जाताना बिचकला असेल तर ते लक्षात ठेवा.

पडल्यानंतरच्या पहिल्या रेसला तर नीट बसून बघा. ट्रेनर बहुतेक आधी घरी छोट्या फेन्सेसवर घेतो, मग कमी घोड्यांची सोपी रेस देतो. पहिल्या तीन फेन्सेसना कान बघा, पुढे टवकारलेले असतील आणि घोडा स्वतःहून फेन्सकडे ओढत असेल तर तो सावरलाय. कान मागे, ढांग आखडतेय आणि जॉकी प्रत्येक वेळी ढकलतोय असं दिसलं तर अजून वेळ लागणार, त्याला थोडे आठवडे द्या आणि पुढच्या रेसला परत बघा.