टायगर बार्ब आणताय? दहा आणा, एकाच दिवशी आणा

गेल्या वर्षी मी घरच्या टाकीत आधी चार टायगर बार्ब, म्हणजे हे पट्टेरी मासे, आणले, मग आणखी दोन. दीड महिन्यात एक उरला. पाणी ठीक होतं, रोग नव्हता. सगळ्यात मोठ्याने सगळ्यात लहानग्याला हीटरच्या मागे कोंडून ठेवलं, खायलाही बाहेर येऊ देईना. त्याची शेपटी कुरतडून कुरतडून संपली. तो गेल्यावर दुसऱ्याची पाळी आली. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून तयारी लिहून काढतोय.

लाइट, हीटर, थर्मामीटर, अँटी-क्लोरिन हे सगळ्यांना माहीत असतं. झाकण हवंच, हे मासे उडी मारतात. टाकी लांबट घ्या. उंच टाकी दिसते छान, पण हा मासा आडवा पळणारा. 36 इंच लांब, 12 रुंद, 15 उंच म्हणजे साधारण 100 लिटर, त्याहून लहान नको. दुकानात पिल्लं बोटाच्या पेराएवढी दिसतात, वाढून सहा-सात सेंटिमीटरची होतात.

आता संख्या. दहा आणा. आठ चालतील, सहा म्हणजे अगदी काठावर, चार कधीच नाही. सुमात्राकडचा हा मासा झुंडीत राहतो आणि झुंडीत कोण वरचढ हे ठरवायला सतत एकमेकांवर धावून जातो. ते थांबवता येत नाही, फक्त वाटून देता येतं. दहा जण असले की एक धक्का याला, एक चावा त्याला, आणि मार खाणाऱ्याला मध्ये उसंत मिळते. चारच असले की सगळ्यात दुबळ्याला दिवसभर तेच. दुकानदार सांगेल, भांडकुदळ मासा आहे, कमीच ठेवा. मलाही तेच सांगितलं होतं आणि मी ऐकलं. खरं नेमकं उलट आहे. हिरवे आणि अल्बिनो टायगर बार्ब याच जातीचे, तेही दहात मोजा. नर-मादी लहानपणी ओळखू येत नाहीत. मोठेपणी मादी पोटाने भरते, नराचं तोंड लाल होतं. सगळे नरच हाती लागले तर मारामारी वाढते, म्हणूनही दहा.

आणि दहाही एकाच दिवशी. माझ्याकडे दोन उरले तेव्हा मी आणखी दोन सोडले. जुन्यांनी तोवर टाकी आपली करून टाकली होती, नव्यांना त्यांनी कोपरासुद्धा दिला नाही.

इथेच माणसं अडकतात, कारण मासे हळूहळू वाढवा असं सगळीकडे सांगतात. त्यामागचं कारण खरं आहे: नव्या टाकीत एकदम दहा सोडले तर त्यांच्याच घाणीतून होणाऱ्या अमोनियाने मरतील. पण त्यावर उपाय दोन-दोन मासे आणणं नव्हे, टाकी आधी मुरवणं, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवणं. मासे न घालता फिल्टर चालू ठेवा, थोडा थोडा अमोनिया घालत राहा. चार ते सहा आठवडे जातील. कुणाच्या जुन्या निरोगी टाकीतला फिल्टरचा स्पंज मिळाला तर लवकर होईल. घातलेला अमोनिया दिवसभरात संपून टेस्ट किटवर अमोनिया शून्य आणि त्यातून बनणारं विषारी नायट्राइटही शून्य दिसलं, की मगच दुकानात जा. धीर धरायचा तो रिकाम्या टाकीसमोर.

मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया (लांब पानांची पाणवनस्पती) दाट लावा, लाकूड आणि दगड असे ठेवा की एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाला दिसणार नाही. नजरेआड झाला की पाठलाग सुटतो. मधली जागा मोकळी. पण चार मासे आणून भरपूर झाडं लावली तर भागेल असं समजू नका, माझ्याकडे झाडं होती.

सोबतीला एंजल, गुरामी, फायटर, गप्पी नकोत. लांब परांचे आणि संथ मासे हे कुरतडतात, दहाच्या झुंडीतसुद्धा. झेब्रा डॅनिओ चालतात.

पांढरे ठिपके वगैरे रोग आहेत का ते बघायला नवे मासे आधी दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवाल, तेव्हाही दहा एकत्रच ठेवा. तिथलाही फिल्टर मुरलेला हवा.

सोडताना लाइट बंद. खाणं दोन वेळा, थोडं, दोन्ही टोकांना. आठवड्याला पाव पाणी बदला. एखादा फारच मारकुटा निघाला तर मार खाणाऱ्याला नव्हे, त्यालाच तीन-चार दिवस बाजूला काढा, आणि परत सोडताना दगड-लाकडांच्या जागा बदला.

पिशवी बांधण्याआधी मोजून घ्या. दुकानात चारच शिल्लक असतील तर रिकाम्या हाताने परत या.