जिवंत लॉबस्टर कसा निवडावा, कसा शिजवावा

पुढे दोन दणकट नांग्या असतात तो लॉबस्टर. नांग्यांऐवजी लांब, जाड मिशा असतात ती शेवंड. इथे नांग्यांच्या लॉबस्टरविषयी सांगते.

निवडताना त्याला पाठीकडून धरून उचला. शेपूट झटक्यात पोटाखाली वळली तर तो तरतरीत आहे. लोंबत राहिली तर घेऊ नका; मेल्यावर त्याच्या अंगात जिवाणू झपाट्याने वाढतात. कवचही दाबून बघा. हा प्राणी कात टाकून वाढतो, आणि नव्या मऊ कवचात मांस कमी, पाणीच जास्त. शेपटीखाली अंड्यांचे घोस दिसले तर ती मादी समुद्रातच राहायला हवी होती. हजारो अंडी ती कित्येक महिने पोटाशी बाळगते.

घरी आणल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. गोड्या पाण्यात ठेवलात तर मरेल.

आता सगळ्यात अवघड काम. जिवंत लॉबस्टर सरळ आधणात टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. स्वित्झर्लंडने तर २०१८ मध्ये त्यावर बंदीच घातली. आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून त्याला सुस्त करा, मग धारदार सुरीने डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध, एका दमात चिरा. आपल्यासारखा एकच मेंदू त्याला नसतो; मज्जातंतूंच्या गाठींची माळ पोटाच्या बाजूने शेपटीपर्यंत जाते. नुसतं डोक्यात टोचून भागत नाही ते यामुळे.

शेपटीतला काळा धागा, म्हणजे आतडं, काढून टाका. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घातलं की पाणी समुद्राइतकं खारं होतं. त्याला खळखळून उकळी आली की दोन्ही भाग सोडा. काळपट हिरवं कवच बघता बघता लालभडक होईल. तो लाल रंग आधीपासूनच तिथे असतो, प्रथिनाच्या पकडीत. उष्णतेने पकड सुटते. पण रंगावर विसंबू नका. शेपटीचं मांस पारदर्शकपणा सोडून पांढरं झालं की लगेच उतरवा, नाहीतर रबर होईल.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर वसाहतकाळी लॉबस्टर इतके मुबलक होते की ते गरिबाचं खाणं समजलं जाई, शेतात खत म्हणूनही पडत. १८४० च्या दशकात तिथल्याच मेन राज्यात ते डबाबंद होऊ लागले आणि दूरवर पोचले.

खाताना डोक्यातला हिरवा मऊ भाग बाजूला काढा. तिथे विषारी द्रव्यं साठू शकतात. लाल गाभोळी मात्र लोण्यात परतून घ्या.