ताणता येणारा सेंद्रिय सौरघट: आधी थर ताणून पाहा, मग घट बांधा

वाकणं वेगळं, ताणलं जाणं वेगळं. पातळ प्लास्टिकवरचा घट सहज वाकतो, पण ओढला की संपला. नेहमीचा आयटीओचा (इंडियम-टिन ऑक्साइडचा) पारदर्शक, वीजवाहक थर तर एक-दोन टक्के ताणातच तडकतो. म्हणून मी तो वापरतच नाही.

सगळ्यात आधी चाचणी करा ती प्रकाश शोषणाऱ्या थराची. मी पीएम६ (इलेक्ट्रॉन देणारा पॉलिमर) आणि वाय६ (इलेक्ट्रॉन घेणारा ग्राही) हे १ : १.२ प्रमाणात, क्लोरोफॉर्ममध्ये मिलिलिटरला एकूण १६ मिलिग्रॅम विरघळवते. काचेवर आधी पेडॉट-पीएसएस या वीजवाहक पॉलिमरचा थर, त्यावर हे द्रावण टाकून काच मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवायची. जाडी साधारण १०० नॅनोमीटर येते. मग काच हळूच पाण्यात उतरवा. खालचा थर विरघळतो, वरचा सुटून पाण्यावर तरंगतो. तो पीडीएमएस रबराच्या पट्टीवर अलगद उचला, वाळवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओढत जा. तड्याची पहिली रेघ किती टक्क्यांवर दिसते ते लिहून ठेवा. हे द्रावण थेट पीडीएमएसवर ओतू नका. मी ओतलं होतं. क्लोरोफॉर्मने रबर फुगलं आणि थराला सुरकुत्या पडल्या.

तडे लवकर आले तर दोष बहुधा वाय६चा असतो. त्याचे रेणू लहान, एकमेकांत गुंतत नाहीत. अशा वेळी जास्त रेणुभाराचा पीएम६ घ्या, वाय६ऐवजी ग्राही म्हणून पॉलिमर वापरून पाहा किंवा थोडं एसईबीएस रबर मिसळा. थोडंच, कारण रबर वीज वाहत नाही. जास्त झालं की विद्युतभारांची वाट अडते.

थर पास झाला की मगच घट. काचेवर चिकटवलेली टीपीयू या ताणता येणाऱ्या प्लास्टिकची फिल्म, तिच्यावर पाच टक्के डीएमएसओ (एक द्रावक) आणि किंचित फ्लोरोसर्फॅक्टंट (पृष्ठताण कमी करणारं रसायन) घातलेलं पेडॉट-पीएसएस. डीएमएसओने वाहकता वाढते, सर्फॅक्टंटने थर नीट पसरतो आणि मऊही होतो. त्यावर शोषक थर, पातळ इलेक्ट्रॉन-वाहक थर आणि शेवटी गॅलियम-इंडियमचा द्रव मिश्रधातू. तो द्रवच असल्यामुळे ताणला तरी तुटत नाही. मात्र जोडणीला ॲल्युमिनियमची क्लिप लावू नका, गॅलियम तिच्यात शिरून ती ठिसूळ करतो.

मोजताना प्रकाश चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॉट ठेवा. ताणल्यावर घटाचं क्षेत्रफळ बदलतं, तेव्हा मास्क (ठरावीक छिद्राची अपारदर्शक पट्टी) लावून प्रत्यक्ष उजेडातलं क्षेत्रच धरा. नाहीतर कार्यक्षमतेचा आकडा खोटा येईल.