तिकिटाच्या ऑटो-रिप्लायला नो-रिप्लाय पत्ता नको
सपोर्ट डेस्क (कस्टमरच्या मेलचं तिकीट, म्हणजे नंबर असलेली नोंद, बनवणारी सिस्टीम) सेट करताना बरेच जण ऑटो-रिप्लायला नो-रिप्लाय, म्हणजे उत्तरं न वाचणारा पत्ता टाकून मोकळे होतात, मग कस्टमर बिचारा त्याच मेलला उत्तर देतो आणि ते कुठे जातं देव जाणे. फ्रॉममध्ये तोच पत्ता ठेवा ज्यावर आलेल्या मेलचं तिकीट बनतं, सब्जेक्टमध्ये तिकीट नंबर, म्हणजे उत्तर बरोबर त्याच तिकिटात जातं. भानगड एकच, समोरच्याने सुट्टीचा ऑटो-रिप्लाय लावला असेल तर दोन मशीन रात्रभर एकमेकांना मेल टाकत बसू शकतात (आमचा इनबॉक्स एकदा असाच तुंबलेला). म्हणून ऑटो-सबमिटेड (Auto-Submitted) हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक ओळीत, ऑटो-रिप्लाइड (auto-replied) घाला, म्हणजे समोरच्या मशीनला कळतं की हे आपोआप गेलेलं उत्तर आहे; आरएफसी ३८३४ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्ये २००४ पासून सांगितलंय हे, आणि एन्व्हलप सेंडर (न पोचलेला मेल जिथे परत येतो तो पत्ता, फ्रॉमपेक्षा वेगळा) रिकामा सोडा, म्हणजे बाउन्सची, म्हणजे मेल पोचला नाही अशा सूचनांची, नवीन तिकिटं बनत नाहीत.