कण्याची ‘ॲडजस्टमेंट’ करून घेताय? या चुका टाळा

आमच्या आजोळी कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावणं जायचं. तो पाठीला पाय लावायचा आणि दुखणाऱ्याला खरंच हलकं वाटायचं. आता तेच दुखणं घेऊन लोक कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने झटका देऊन कणा ‘ॲडजस्ट’ करणाऱ्याकडे जातात. जाण्याआधी मोबाइलवर रील पाहिलेलं असतं: एक झटका, कडकन आवाज आणि पेशंटच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू. माझ्या ओळखीतल्या काहींना या उपचाराने बरं वाटलं, काहींचे महिने वाया गेले. त्यांच्याशी बोलताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाल्या.

आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं?

नाही. सांध्याच्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्याने ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट मोडतानाचं एमआरआय चित्रण करून ही पोकळी तयार होताना पाहिली. म्हणून तर एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा मोडत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं. पाठीचंही तसंच. आवाज न होता आराम पडू शकतो आणि मोठा आवाज होऊनही दुखणं तिथल्या तिथे राहू शकतं. ‘आज कडकन वाजलं नाही, अजून जोर लावा’ असं कधीही सांगू नका.

‘मणक्यात गॅप पडलाय’ हे वाक्यही असंच घाबरवतं. वयाप्रमाणे दोन मणक्यांमधली गादी झिजते, एक्स-रेमध्ये तसं दिसतं, आणि अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एक्स-रेमध्येही ते दिसतं. हाताने दाबून हा ‘गॅप’ भरता येत नाही.

सगळ्या आजारांवरचा इलाज समजणं

या समजुतीचं मूळ अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टमध्ये आहे. तिथे १८९५ च्या सप्टेंबरमध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं, असा दावा केला. बहुतेक आजार मणके जागचे हलल्याने होतात, असा सिद्धांत त्यांनी त्यावरून मांडला. तो सिद्ध झालेला नाही. मधुमेह, दमा, ब्लडप्रेशर, तान्ह्या बाळाचं रडणं यांसाठी कणा ‘सेट’ करून घेण्याला आधार नाही, आणि चालू गोळ्या बंद करणं तर धोक्याचंच.

आधार आहे तो कंबरदुखीसाठी, तोही माफक. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीच्या औषधाविना उपचारांत शेक, मसाज यांच्याबरोबर हा उपचारही धरला. कोणता उपचार कधी करावा याचं मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये व्यायामाची जोड असेल तरच तो करावा असं सांगितलं. एकूण आरोग्याला त्याचा हातभार लागतो तो असा: दुखणं उतरलं की माणूस पुन्हा चालू लागतो, झोपू लागतो. ही गोष्ट मला मुळीच लहान वाटत नाही.

मानेचा झटका

इथे मी सगळ्यात जास्त आग्रही आहे. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढतात. मान झटक्यात पिळली तर धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. हे क्वचित घडतं. कधी कधी धमनी आधीच फाटलेली असते आणि त्यामुळेच मान दुखत असते, म्हणून दोष नेमका कशाचा हे ठरवणं अवघड जातं. पण मानदुखीला व्यायामासारखे सुरक्षित मार्ग असताना हा धोका का पत्करायचा? टेबलावर आडवं होण्याआधीच स्पष्ट सांगा, ‘मानेला झटका नको.’ केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान मोडून घेण्याची सवय असेल, तर ती आजच सोडा. तिथे तर ना तपासणी, ना प्रशिक्षण.

झटक्यानंतर कधी नव्हती अशी मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, तोल जाणं किंवा चेहरा-हात बधिर होणं, यांतलं काहीही झालं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

दुखणं कशाचं, हे न बघताच जाणं

आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही आढळतो. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं असेल तर आधी डॉक्टर. पाळी गेलेल्या बायका आणि बरीच वर्षं स्टेरॉइड घेणारे यांची हाडं ठिसूळ असू शकतात, तिथे झटक्याने मणका मोडू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती न विचारताही सांगा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, दोन मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर ती इमर्जन्सी आहे.

गेल्यावर आणि आल्यावर

शिक्षण विचारायला संकोचू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत कायरोप्रॅक्टरच्या पूर्ण अभ्यासक्रमासाठी किमान ४,२०० तास सांगितले आहेत. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत ते होत नाहीत. चाळीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. दोन-तीन आठवडे पाहा, फरक नसेल तर थांबा.

त्या दिवशी अंग ठणकलं तर शेक घ्या, घरातल्या घरात चालत राहा. दोन दिवसांत ते उतरतं. पायात मुंग्या वाढल्या, पाऊल उचलेनासं झालं, तर पुढची अपॉइंटमेंट रद्द करून अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.