संदर्भ शोधताय? आधी प्रबंधाची शेवटची फाइल उघडा

गूगलवर माहिती ढिगाने मिळते, पण मार्गदर्शकांनी "हे कुणी लिहिलंय, कुठे छापलंय?" असं विचारलं की प्रकल्पाची गाडी तिथेच अडते.

१. 'शोधगंगा' उघडा. भारतीय विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध इथे मोफत वाचता येतात. मराठी विषय असेल तर शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीतही टाकून पाहा, निकाल वेगळे येतात.

२. प्रबंधाच्या प्रकरणांच्या फायली सुट्या असतात. सगळा प्रबंध वाचत बसू नका, संदर्भसूचीची फाइल आधी उतरवून घ्या. कुणीतरी कित्येक वर्षं खपून केलेली यादी आयती हातात येते!

३. त्यातले लेख शोधायला कॉलेजच्या ग्रंथपालांकडे 'एन-लिस्ट'चं (कॉलेजांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणारी सेवा) लॉगिन मागा. ते घरूनही चालतं. अनेक मुलांना ते असतं हेच ठाऊक नसतं, याचं फार वाईट वाटतं.

अर्थशास्त्र किंवा इतिहासाचे जुने अहवाल हवे असतील तर आपल्या पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह जरूर पाहा.

मात्र मूळ लेख न उघडता सूचीतली नोंद उचलू नका. त्यात साल आणि पान क्रमांक चुकलेले असू शकतात.